आजोबांचा कॅमेरा, पनवेलचा वाडा आणि फ्रेममध्ये न मावणारी भिंत : मिडियम फॉरमॅटसाठी परवडणारी वाइड लेन्स कशी निवडायची?

समजा, पनवेलच्या जुन्या गावातला एक वाडा येत्या काही महिन्यांत पाडला जाणार आहे. पुनर्विकासाची कागदपत्रं झाली आहेत, भाडेकरू हलायला लागले आहेत. घरातल्या मुलीला वाटतं की पाडण्याआधी वाड्याचे चांगले फोटो काढून ठेवावेत. फोनवर तर काढायचेच, पण आजोबांच्या कपाटातला जुना यशिका कॅमेराही बाहेर निघतो. रोल मागवला जातो. ती समोरच्या घराच्या भिंतीला पाठ लावून उभी राहते, व्ह्यूफाइंडरमध्ये बघते आणि लक्षात येतं की वाड्याचा दरवाजा आणि एक खिडकी तेवढी दिसतेय. बाकी सगळं फ्रेमच्या बाहेर. मागे सरकायला जागाच नाही.

इथून प्रश्न सुरू होतो. वाइड लेन्स हवी, पण ती कुठली? त्या कॅमेऱ्याला बसेल का? आणि खिशाला परवडेल का?

पनवेलमध्ये हा प्रश्न हौसेपुरता राहिलेला नाही. १८५२ साली इथे नगरपालिका आली, २०१६ मध्ये तिची महानगरपालिका झाली आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला शेजारी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. जमिनीचे भाव वाढले की जुनी घरं टिकत नाहीत, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. दुसरीकडे इन्स्टाग्रामवर फिल्म फोटोग्राफीची हौस परत आली आहे आणि घराघरांतले जुने कॅमेरे बाहेर निघत आहेत. त्यामुळे लेन्सवर पैसे घालण्याआधी पूर्ण विषय समजून घेतलेला बरा.

मिडियम फॉरमॅट म्हणजे नेमकं काय?

बहुतेकांना आठवतो तो ३५ एमएमचा रोल, डबीत येणारा, ३६ फोटोंचा. त्याची फ्रेम २४ बाय ३६ मिलिमीटरची असते. मिडियम फॉरमॅट कॅमेऱ्यात १२० चा रोल लागतो. हा रोल कोडॅकने १९०१ मध्ये आणला आणि तो आजही मिळतो. त्याची फिल्म सुमारे ६ सेंटिमीटर रुंद असते आणि तिच्यामागे कागद गुंडाळलेला असतो.

एकाच रोलवर वेगवेगळे कॅमेरे वेगवेगळ्या मापाचे फोटो काढतात.

- ६४५ : फ्रेम साधारण ५६ बाय ४१.५ मिलिमीटर, एका रोलमध्ये १५ ते १६ फोटो
- ६×६ : ५६ बाय ५६, चौकोनी, १२ फोटो
- ६×७ : सुमारे ५६ बाय ७०, १० फोटो
- ६×९ : सुमारे ५६ बाय ८४, ८ फोटो

६×६ ची निगेटिव्ह ३५ एमएमपेक्षा क्षेत्रफळाने साडेतीन पटींहून मोठी असते. म्हणूनच जुन्या स्टुडिओतले लग्नाचे फोटो मोठे करून भिंतीवर लावले तरी फुटत नसत. यशिका, रोलिफ्लेक्स, मामिया ही नावं जुन्या फोटोग्राफरांच्या तोंडी असायची ती यामुळेच. देशातल्या पहिल्या महिला छायापत्रकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या होमाई व्यारावाला यांच्याही हातात रोलिफ्लेक्स असायचा. घरगुती वापरासाठी अग्फा क्लिक थ्री आणि रशियन लुबिटेल होते. हे सगळे १२० चेच कॅमेरे.

५० एमएम वाइड कशी काय?

इथे नवीन माणूस हमखास गोंधळतो. डिजिटल किंवा ३५ एमएम कॅमेऱ्यावर ५० एमएम म्हणजे 'नॉर्मल' लेन्स. तीच ५० एमएम मिडियम फॉरमॅटवर वाइड होते. कारण लेन्स किती भाग दाखवणार हे फोकल लेंग्थसोबत फ्रेमच्या आकारावरही ठरतं. फ्रेम मोठी असेल तर तीच लेन्स जास्त भाग पकडते.

तुलना करायची तर सोपा हिशोब आहे. मिडियम फॉरमॅटची फोकल लेंग्थ घ्या आणि तिला ६४५ साठी ०.६२ ने, ६×६ साठी ०.५५ ने, ६×७ साठी ०.४८ ने आणि ६×९ साठी ०.४३ ने गुणा. जो आकडा येईल तो ३५ एमएमच्या भाषेतला. हा हिशोब फ्रेमच्या कर्णावरून काढलेला असल्यामुळे ढोबळ आहे, पण खरेदीला पुरतो.

म्हणजे ६×६ वरची ८० एमएम झाली ४४, नॉर्मल. ६×६ वरची ५० एमएम झाली साधारण २८. ६४५ वरची ४५ एमएमही २८. ६×७ वरची ६५ एमएम झाली ३१ आणि ५० एमएम झाली २४.

आता गंमत बघा. आजच्या स्मार्टफोनचा मुख्य कॅमेरा, म्हणजे '१ एक्स', हा याच मोजमापात साधारण २४ ते २६ एमएमचा असतो. म्हणजे फोन मुळातच वाइड आहे. रोज फोनने फोटो काढणाऱ्याला आजोबांच्या यशिकातून बघताना सगळं 'झूम केल्यासारखं' वाटतं, त्याचं कारण हेच. कॅमेऱ्यात काही बिघाड नसतो.

पैसे घालण्याआधी एक गणित

लेन्स विकत घेण्याआधी एक टेप आणि फोनमधला कॅल्क्युलेटर पुरतो. सूत्र असं :

फ्रेमची रुंदी भागिले फोकल लेंग्थ, गुणिले समोरच्या वस्तूपर्यंतचं अंतर. उत्तर म्हणजे फोटोत किती रुंदी मावेल.

गल्ली अशी आहे की वाड्यापासून जास्तीत जास्त ६ मीटर मागे जाता येतं असं धरू. मग काय होतं ते बघा.

- ६×६ वर ८० एमएम : ४.२ मीटर
- ६×६ वर ५५ एमएम : ६.१ मीटर
- ६×६ वर ५० एमएम : ६.७ मीटर
- ६×६ वर ४० एमएम : ८.४ मीटर
- ६४५ आडवा धरून ४५ एमएम : सुमारे ७.५ मीटर
- ६×७ आडवा धरून ६५ एमएम : सुमारे ६.५ मीटर
- ६×७ आडवा धरून ५० एमएम : ८.४ मीटर
- ६×९ आडवा धरून ६५ एमएम : सुमारे ७.८ मीटर

वाड्याची दर्शनी बाजू ७ मीटरची असेल तर ६४५ वरची ४५ एमएम पुरते. ती १० मीटरची असेल तर यातली एकही लेन्स पुरणार नाही. अशा वेळी महागडी लेन्स घेऊनही निराशाच होईल. दोन-तीन फोटो शेजारी-शेजारी काढून स्कॅननंतर जोडणं हाच मार्ग उरतो.

म्हणून आधी जागेवर जा, अंतर मोजा, मग लेन्स शोधा. बहुतेक लोक याच्या उलट करतात.

आणि वाइड लेन्स लागतेच का?

हा प्रश्न कोणी विचारत नाही, पण तो हजारो रुपये वाचवू शकतो.

पनवेल परिसरातला फोटोग्राफर म्हटला की कर्नाळा, प्रबळगड, कलावंतीण आलेच. अनेकांना वाटतं की डोंगर मोठा, म्हणून लेन्स वाइड हवी. प्रत्यक्षात वाइड लेन्स लांबची वस्तू छोटी करते. मुंबई-गोवा महामार्गावरून कर्नाळ्याचा सुळका ५० एमएमने काढला तर फोटोत तो नखाएवढा दिसेल आणि वर अर्धी फ्रेम रिकामं आभाळ. तिथे कॅमेऱ्यासोबत आलेली ८० एमएमच जास्त कामाची, किंवा त्याहून मोठी.

वाइड लेन्सचं खरं काम आहे ते जवळून, अडचणीच्या जागेत. अरुंद गल्ली, वाड्याचा चौक, माजघर, देवळाचा सभामंडप, किंवा किल्ल्यावर पायाशी टाकं आणि मागे दरी असं दोन्ही एकत्र दाखवायचं असेल तेव्हा. शिरढोणला आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचं घर आहे. तशा जुन्या घरात आत उभं राहून खोली दाखवायची तर वाइडला पर्याय नाही.

तुमचे नव्वद टक्के फोटो डोंगरांचे असतील तर हा लेख इथेच सोडून तेच पैसे रोलवर घाला.

वाइड लेन्स महाग का असते?

यामागे दोन कारणं आहेत आणि दोन्ही समजली की स्वस्त पर्याय कुठे शोधायचा हेही कळतं.

पहिलं कारण आरसा. एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये वर-खाली होणारा आरसा असतो. मिडियम फॉरमॅटमध्ये हा आरसा चांगलाच मोठा. त्याला जागा हवी म्हणून लेन्स फिल्मपासून लांब बसवावी लागते. पण वाइड लेन्सला खरं तर फिल्मच्या जवळ यायचं असतं. यावर उपाय म्हणून पुढे मोठ्या काचा लावून 'रेट्रोफोकस' पद्धतीची लेन्स बनवतात. काचा वाढल्या की वजन वाढतं, फिल्टरचं माप वाढतं आणि किंमतही वाढते. ज्या कॅमेऱ्यात आरसाच नाही तिथे ही कटकट नाही. हॅसलब्लाडने १९५४ मध्ये ३८ एमएमची बायोगॉन लेन्स बसवलेला सुपरवाइड कॅमेरा आणला तो याच विचाराने, आरसा काढून टाकून. लेन्स अप्रतिम, पण किंमत आजही सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर.

दुसरं कारण शटर. हॅसलब्लाडची ५०० मालिका, ब्रॉनिकाची ईटीआर आणि एसक्यू मालिका, मामिया आरबी६७ यांत शटर लेन्सच्या आत असतं. म्हणजे प्रत्येक लेन्ससोबत एक शटर विकत घ्यायचं आणि प्रत्येक शटर जुनं होऊन मंदावण्याची शक्यताही सोबत घ्यायची. मामिया ६४५, पेंटॅक्स ६४५, पेंटॅक्स ६७, पेंटाकॉन सिक्स, कीव ६० यांत शटर कॅमेऱ्याच्या बॉडीत असतं. त्यांच्या लेन्समध्ये फक्त काचा आणि अॅपर्चर. बिघडण्यासारखं कमी.

कपाटातल्या यशिकाचं काय?

वाईट बातमी आधी. यशिका मॅट १२४जी, रोलिफ्लेक्स, लुबिटेल यांसारख्या दोन डोळ्यांच्या, म्हणजे टीएलआर कॅमेऱ्यांची लेन्स बदलता येत नाही. ऑनलाइन 'यशिका मॅटसाठी वाइड लेन्स' म्हणून जे दिसतं ते पुढे अडकवायचं जोडभिंग असतं. ते दोन भागांत येतं, एक बघायच्या लेन्सवर आणि एक फोटो काढायच्या लेन्सवर. यामुळे थोडी जास्त जागा मावते, पण कोपरे मऊ पडतात. अॅपर्चर एफ/११ किंवा एफ/१६ पर्यंत बंद केलं तर बऱ्यापैकी काम होतं. स्वस्तात मिळालं तर हरकत नाही, मात्र त्याच्याकडून खऱ्या वाइड लेन्सची अपेक्षा ठेवू नये. घेताना दोन्ही भाग आहेत ना आणि माप आपल्या कॅमेऱ्याच्या बायोनेटचंच आहे ना, हे बघावं.

टीएलआरमध्ये एकच मोठा अपवाद आहे. मामियाच्या सी मालिकेतल्या, म्हणजे सी२२०, सी३३० वगैरे कॅमेऱ्यांच्या लेन्स बदलता येतात. त्यांच्यासाठी ५५ एमएम एफ/४.५ आणि ६५ एमएम एफ/३.५ अशा जोडलेन्स मिळतात. घरात किंवा ओळखीच्या जुन्या स्टुडिओत सी३३० पडलेला असेल तर नवीन बॉडी शोधायची गरजच नाही.

मग पर्याय कोणते?

मिडियम फॉरमॅटमध्ये लेन्स निवडणं म्हणजे खरं तर सिस्टीम निवडणं. एका कंपनीची लेन्स दुसरीला बसत नाही. इतकंच काय, ब्रॉनिका ईटीआरची लेन्स ब्रॉनिका एसक्यूलाही बसत नाही आणि मामिया ६४५ ची लेन्स मामिया आरबी६७ ला बसत नाही. त्यामुळे हातात बॉडी असेल तर तिच्यापासून सुरुवात करा. नसेल तर बॉडी आणि वाइड लेन्स मिळून एकत्र किंमत बघा.

मामिया ६४५ (मॅन्युअल फोकस) : कमी खर्चात सुरुवात करणाऱ्यांसाठी सर्वात सोपा रस्ता. ५५ एमएम एफ/२.८ सौम्य वाइड, ४५ एमएम एफ/२.८ खरी वाइड आणि ३५ एमएम एफ/३.५ अति वाइड. शटर बॉडीत असल्यामुळे लेन्स तुलनेने स्वस्त आणि टिकाऊ. बॅटरी मात्र लागते. उभा फोटो काढायचा असेल तर कॅमेरा आडवा करावा लागतो, तेव्हा वरून बघायच्या फाइंडरपेक्षा प्रिझम फाइंडर घेतलेला बरा.

पेंटॅक्स ६४५ : डोळ्याला लावून वापरायचा, आत लाइट मीटर असलेला कॅमेरा. ४५ एमएम एफ/२.८ आणि ३५ एमएम एफ/३.५ मिळतात. ३५ एमएमच्या एसएलआरची सवय असलेल्यांना हा लवकर जमतो.

ब्रॉनिका ईटीआर आणि एसक्यू : ब्रॉनिकाचं उत्पादन कधीच बंद झालं, त्यामुळे नावाचा भाव हॅसलब्लाडइतका चढला नाही. ईटीआरसाठी ५० एमएम एफ/२.८ आणि ४० एमएम एफ/४, एसक्यूसाठी ६५ एमएम एफ/४, ५० एमएम एफ/३.५ आणि ४० एमएम एफ/४. शटर लेन्समध्ये आणि बॅटरीवर चालणारं. बॅटरी संपली तर फक्त १/५०० चा स्पीड मिळतो, हे लक्षात ठेवून एक जादा बॅटरी जवळ बाळगावी.

मामिया आरबी६७ : पूर्ण मेकॅनिकल, बॅटरीची गरजच नाही. मागची बाजू फिरवून आडवा-उभा फोटो घेता येतो, कॅमेरा हलवावा लागत नाही. ६५ एमएम एफ/४.५ आणि ५० एमएम एफ/४.५ या वाइड लेन्स. नावापुढे 'सी' असलेल्या लेन्सवर मल्टिकोटिंग असतं, उन्हाच्या दिशेने फोटो काढताना त्याचा फरक पडतो. अडचण एकच, वजन. कॅमेरा आणि लेन्स मिळून अडीच किलोच्या आसपास. वाड्यात ट्रायपॉडवर ठेवायला उत्तम, पण हा घेऊन कलावंतीण चढायची कल्पना सोडून द्यावी.

पेंटाकॉन सिक्स आणि कीव ६० : पूर्व जर्मनी आणि सोव्हिएत युक्रेनमधले हे कॅमेरे. यांच्यासाठी कार्ल झाइस येनाची फ्लेक्टोगॉन ५० एमएम एफ/४ आणि सोव्हिएत मीर-२६ ४५ एमएम एफ/३.५ मिळते. लेन्स चांगल्या, बॉडी मात्र बेभरवशाच्या. फोटो एकमेकांवर चढणं ही पेंटाकॉनची जुनी तक्रार. यावर एक युक्ती आहे : ही लेन्स अॅडॅप्टर लावून मामिया ६४५ किंवा पेंटॅक्स ६४५ वर वापरता येते आणि दूरवरचा फोकसही मिळतो. फक्त अॅपर्चर हाताने बंद करावं लागतं. मीर-२६ चे दोन प्रकार आहेत, एक कीव ६० चा आणि एक कीव ८८ चा. दोघांचं माउंट वेगळं, त्यामुळे विकत घेण्याआधी मागच्या बाजूचा फोटो मागवाच.

फुजी जीएसडब्ल्यू६९० : ६×९ ची मोठी निगेटिव्ह आणि ६५ एमएमची न बदलणारी लेन्स. आरसा नाही, बॅटरी नाही. बॉडी आणि वाइड लेन्स एकाच किमतीत येते, त्यामुळे हिशोब कधीकधी जमून जातो. पण एका रोलमध्ये आठच फोटो.

हॅसलब्लाडची ५० एमएम डिस्टागॉन आणि मामिया ७ ची ४३ एमएम या दोन्हींची नावं चर्चेत सतत येतील. दोन्ही लेन्स उत्तमच आहेत, पण 'परवडणारी' या शब्दात बसत नाहीत.

एफ/२.८ की एफ/४?

वाइड लेन्समध्ये मोठ्या अॅपर्चरसाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. घर, गल्ली, देऊळ काढताना सगळंच स्पष्ट हवं असतं, त्यामुळे लेन्स एफ/८ ते एफ/१६ वरच वापरली जाते. ६×६ वरची ५० एमएम लेन्स एफ/१६ ला ठेवून ३ मीटरवर फोकस केली तर साधारण दीड मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. एफ/२.८ चा फायदा फक्त फाइंडर उजळ दिसण्यापुरता. बाकी काम ट्रायपॉड आणि केबल रिलीज करतात, आणि ते लेन्सपेक्षा खूप स्वस्त पडतात.

घ्यायची कुठून, बघायचं काय?

मिडियम फॉरमॅटच्या या लेन्स आता जुन्या बाजारातच मिळतात. पनवेलहून हार्बर लाइनने सीएसएमटी गाठलं की फोर्टमधला बोरा बाजार चालत जाण्याच्या अंतरावर आहे. कॅमेऱ्यांची खरेदी-विक्री आणि दुरुस्ती यासाठी तो भाग जुना प्रसिद्ध. दुकानात घेण्याचा मोठा फायदा म्हणजे वस्तू हातात घेऊन बघता येते.

परदेशी साइटवर किंमत कमी दिसते, पण त्यावर कस्टम ड्युटी, जीएसटी आणि कुरिअरचं शुल्क चढतं. शिवाय वापरलेल्या वस्तू आयात करण्यावर निर्बंध आहेत, त्यामुळे पार्सल अडकू शकतं. दिसणारी किंमत ही अंतिम किंमत धरू नये.

लेन्स हातात आली की या क्रमाने बघा.

१. फोनचा टॉर्च लेन्सच्या मागून लावून पुढून तिरकं बघा. जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. धुरकट थर दिसला तर हेझ. काचेच्या कडेला इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले तर आतल्या चिकटवलेल्या काचा सुटायला लागल्या आहेत. थोडी धूळ मात्र चालते.

२. पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडा फोटोत सहसा दिसत नाही. मागच्या काचेवरचा ओरखडा जास्त त्रास देतो.

३. अॅपर्चरची पाती झटकन उघडतात-मिटतात का? पात्यांवर तेल चमकतंय का?

४. लेन्समध्ये शटर असेल तर १ सेकंदापासून १/५०० पर्यंत प्रत्येक स्पीड वाजवून बघा. १ सेकंद म्हणून दोन सेकंद घेतले तर शटर सुस्तावलंय, सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा करून घ्या.

५. फोकसची रिंग पूर्ण फिरते का आणि फिल्टर लावायची कड चेपलेली नाही ना? कड चेपली म्हणजे लेन्स कधीतरी पडली आहे.

६. एक रोल टाकून बघेपर्यंत परत घेण्याची मुदत विक्रेत्याकडून लिहून घ्या. तो आधीच नाही म्हणाला तर त्या नकारातूनही बरंच कळतं.

कोकणातला खरा शत्रू

पनवेलचा पावसाळा लेन्ससाठी वाईट. हवेतली ओल ६०-७० टक्क्यांच्या वर राहिली की काचेवर बुरशी धरते आणि ती कोटिंग खाते. अनेक घरांत कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये घालून लोखंडी कपाटात जपून ठेवलेला असतो. दुर्दैवाने ते जपणंच त्याला मारतं, कारण चामडं ओल धरून ठेवतं.

उपाय महाग नाही. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. आतली आर्द्रता ४० ते ५० टक्के राहिली पाहिजे. जेल ओलं झालं की गरम करून कोरडं करून घ्यायचं. आणि लेन्स वापरात ठेवायची, महिन्यातून एकदा तरी उजेडात काढायची. बुरशी लागलेली लेन्स 'साफ करून घेऊ' म्हणून स्वस्तात घेण्याचा मोह टाळावा. बुरशी निघते, पण तिने कोटिंगवर सोडलेले डाग बहुधा राहतात.

लेन्स आली, आता फोटो

वाइड लेन्सने पहिल्याच रोलमध्ये एक चूक हमखास होते. उंच वाडा मावावा म्हणून कॅमेरा वर झुकवला जातो आणि फोटोत भिंती मागे पडल्यासारख्या दिसतात. कॅमेरा सरळ ठेवला तर भिंती सरळ राहतात, पण मग फोटोचा खालचा अर्धा भाग रस्त्यात जातो.

आकडा बघा. ६ मीटरवरून ६×६ च्या ५० एमएमने एकूण ६.७ मीटर उंची मावते, म्हणजे लेन्सच्या वर निम्मी, ३.३ मीटर. कॅमेरा दीड मीटरवर असेल तर ५ मीटरच्या आतच फोटो संपतो. दोन मजली वाड्याचं कौलारू छप्पर त्यात येणार नाही.

यावर सर्वात स्वस्त उपाय लेन्समध्ये नाहीच. समोरच्या घराच्या पहिल्या मजल्यावर जाऊ द्या म्हणून काकूंना विनंती करायची. तिथल्या खिडकीतून कॅमेरा सरळ धरला की कॅमेराच वाड्याच्या मध्यावर येतो आणि पायरीपासून कौलापर्यंत बरंच काही मावतं. जुन्या गावात ही परवानगी बहुधा चहासकट मिळते.

तर मग घ्यायची कोणती?

रोल, धुणं आणि स्कॅनिंग मिळून एका १२० च्या रोलचा खर्च आज सहज हजार रुपयांच्या वर जातो. ६×६ वर बारा फोटो धरले तर प्रत्येक क्लिक ८० रुपयांहून महाग. म्हणजे लेन्सवर सगळं बजेट संपवलं तर तिच्यात घालायला रोल उरणार नाहीत. लेन्सचा भाव ठरवताना निदान पाच-सहा रोलचे पैसे आधीच बाजूला काढावेत.

हातात काहीच नसेल आणि कमी खर्चात वाइड हवी असेल तर मामिया ६४५ आणि ४५ एमएम, किंवा ब्रॉनिका ईटीआर आणि ५० एमएम हे सरळ पर्याय. ट्रायपॉडवर निवांत काम करायचं असेल तर आरबी६७ आणि ६५ एमएम. घरात मामिया सी३३० असेल तर फक्त ५५ किंवा ६५ एमएमची जोडलेन्स. आणि घरात फक्त यशिका मॅट असेल, वाडाही एकच काढायचा असेल, तर काहीच विकत घेऊ नका. ट्रायपॉड लावा, कॅमेरा सरळ ठेवा, फ्रेमचा तिसरा हिस्सा एकमेकांवर येईल असे दोन-तीन फोटो काढा आणि स्कॅन जोडून घ्या.

कोणताही निर्णय घेतला तरी आधी एक काम फुकटात करता येतं. फोनचा '१ एक्स' लावून त्याच गल्लीत उभं राहा. वाडा त्यात मावतोय का, हे बघा. त्यात मावत नसेल तर २८ एमएमच्या तोडीची कोणतीही लेन्स तो मावू देणार नाही.

आणि हे बघायला जाणं पुढच्या महिन्यावर ढकलू नका. जुनी लेन्स पुढच्या वर्षीही बाजारात मिळेल, वाडा तोवर उभा असेलच असं नाही.